जिथून उचललं तिथेच

१

सकाळची गाडी केंद्राच्या फाटकातून आत वळली की लवंगी हातातला चहा आहे तिथे ठेवून बाहेर यायची. जी कुत्री जीव खाऊन भुंकत असायची त्यांच्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. आधी वाकून पिंजऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात बघायची, तिथे तोंड खुपसून गप्प कोण बसलंय ते. गप्प बसलेल्यांना कमी भूल पुरते.

शहरातल्या मोकाट जनावरांसाठी नगरपालिकेने चालवलेल्या या केंद्रात ती पशुवैद्य होती. घरातलं शेंडेफळ, अंगाने काडी आणि तोंडाने फटाका, म्हणून वडिलांनी लहानपणी ठेवलेलं लवंगी हे नाव कामावरही कसं कोण जाणे येऊन पोचलं होतं. तोंडावर मॅडम, पाठीमागे लवंगी. तिला दोन्ही चालायचं.

मोकाट कुत्र्यांबद्दलचा शहराचा नवा उपविधी निम्मा तिच्या हातचा होता. समितीत सगळी पिकलेली डोकी. एक म्हणे पावातून विष घाला, दुसरा म्हणे पोत्यात भरून नदीपलीकडे सोडा, तिसऱ्याला झोप लागलेली. लवंगीने टेबलावर हात आपटून तिघांनाही जागं केलं होतं. विष नाही, काठी नाही, हद्दपारी नाही. न दुखवता पकडायचं, भूल देऊन नसबंदीची शस्त्रक्रिया करायची, डाव्या कानाला खाच पाडायची, जखम भरेपर्यंत सांभाळायचं आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. कानाला खाच दिसली की त्या जनावराला पुन्हा हात लावायचा नाही.

"त्यांना कळतसुद्धा नाही," ती त्या म्हाताऱ्यांना म्हणाली होती. "झोपतात आणि उठतात. उठल्यावर तुमच्यापेक्षा शांत असतात."

त्या दिवशी गाडीतून उतरलेल्या जाळीवाल्या मामांचा चेहरा जरा ओशाळलेला होता. एका तांबड्या कुत्रीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मॅडम, हिचा कान कापलेलाय. बिस्किटाच्या वासाने आपणहून गाडीत चढली, मी तरी काय करणार. परत सोडून येऊ?"

लवंगीने तो कान बोटांत धरला. खाच होती खरी, पण वाकडी. एक बाजू लांब, एक तोकडी, आणि कडेला काळपट सुकलेलं रक्त. केंद्राची खाच चिमट्याने पडते, दोन्ही बाजू सारख्या. हे कात्रीचं काम होतं. तिने कुत्रीला उताणं केलं, पोटावरून हात फिरवला. टाक्याचा मागमूस नव्हता. आत मात्र हालचाल होती.

"टेबलावर घ्या."

"पोटात आहेत की हो. दिवस भरत आलेत."

"उपविधीत काय लिहिलंय? गाभण असली तरी."

"लिहिलंय तुम्हीच."

"म्हणूनच पाठ आहे मला."

भूल चढेपर्यंत लवंगीने तिच्या मानेवर हात ठेवला. प्रत्येक जनावराला म्हणायची तेच तिलाही म्हणाली. "झालं हं. झालं. झालंच."

दुपारी फाटकावर शिंपीणकाकू आल्या. लवंगीच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. हात थरथरायला लागल्यापासून मशीन बंद होतं आणि दुकानाच्या पायरीवर कुत्र्यांचा दरबार भरायचा.

"माझी तांबडी आणलीत का गं इकडे? तिचा कान कापलेला होता की."

"तुम्ही कापलात, काकू."

शिंपीणकाकू गजाला धरून उभ्या राहिल्या. "थोडं थांबली असतीस तर व्याली असती ती."

"म्हणजे आणखी सहा-सात पोरं रस्त्यावर. तुम्ही पुरणार होतात त्यांना जन्मभर?"

"रडली का फार?"

"भूल देतो आम्ही. तिला कळलंसुद्धा नाही."

"तुला कळलं ना?"

लवंगीला असल्या बोलण्याची चीड होती. म्हाताऱ्या माणसांकडे मुद्दे संपले की ती डोळे ओले करतात. "मला वाकडी खाच कळली," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कात्री सरळ धरा." आणि तिने फाटक लावून घेतलं.

जखम भरल्यावर मामांनी तांबडीला दुकानाच्या पायरीवर नेऊन सोडलं. "दोनदा गोल फिरली, पायरी हुंगली आणि झोपली," ते परत येऊन म्हणाले. "विसरली सगळं. फक्त एक आहे मॅडम, ही एकदा आपल्या हातून गेलेली कुत्री गाडी ओळखतात. गाडी दोन गल्ल्या लांब असते, तुम्हाआम्हाला ऐकूसुद्धा येत नाही, तोवर ही मोटारींखाली जाऊन बसलेली. भुंकत नाहीत, पळत नाहीत. नुसती खाली जाऊन बसतात."

२

बाबा बागेतल्या बाकावरच्या मंडळींबरोबर सहलीला गेले होते, ते परत आले. निदान लवंगीने तरी असंच धरलं होतं. ती मंडळी अधूनमधून अशी न सांगता निघायची.

बाबा कोर्टातून निवृत्त झालेले. सकाळचा पेपर ते मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमीवर हरकत घ्यायचे. चहा गार असला तर हरकत, गरम असला तर घाई कसली म्हणून हरकत. लवंगीच्या उपविधीला ते 'कुत्र्यांची राज्यघटना' म्हणायचे. न्याहारीला बापलेकीचं भांडण झालं नाही असा दिवस ताईला आठवत नव्हता.

त्या सकाळी बाबांनी पेपर घडी न मोडता बाजूला ठेवला. चहा पार थंड झाला होता. त्यांनी तो प्यायला. लवंगीने मुद्दाम विषय काढला. "तुमच्या बागेतली कुत्रीही उचलणार आहोत पुढच्या वेळी."

"बरं," बाबा म्हणाले.

तिने मान वर केली. बाबांनी कप ठेवायला हात पुढे केला तेव्हा बाही मागे सरकली. मनगटाच्या वर, हाताच्या मधोमध, काडेपेटीएवढा चौकोन भादरलेला होता. बाकी हातभर पांढरी लव आणि तेवढाच तुकडा गुळगुळीत.

सलाइन लावताना पुढच्या पायाचा असाच चौकोन भादरतात. ती रोज भादरत होती.

"बाबा, दवाखान्यात गेला होतात का?"

"नाही बुवा."

"मग हे काय?"

"काय?" त्यांनी हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि खिडकीकडे तोंड वळवलं. खिडकीतून ऊन येत होतं. ते त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीतून लालसर दिसत होतं, आणि पाळीच्या वरच्या टोकाशी एके ठिकाणी सरळ आरपार येत होतं. तिथे पाळीच नव्हती. खाच होती. भरलेली, स्वच्छ, दोन्ही बाजू सारख्या.

लवंगीने स्वतःला समजावलं. न्हावी. कुंपणाची तार. म्हातारपणी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना काहीही होतं. तिने आतल्या खोलीत जाऊन ताईला विचारलं, "बाबांचा कान आधीपासून असा आहे का गं?"

ताई पलंगावर पाय वर करून पडली होती. तिला शेवटचे महिने चालू होते. नवरा लांबच्या खाणीवर कामाला, डॉक्टरांनी प्रवास अजिबात नाही म्हणून बजावलेलं, तेव्हा ती बाबांकडेच राहत होती. "कसा?" तिने मान उंचावून दारातून बघितलं. "अगंबाई, खरंच. न्हाव्याने उडवला असेल. म्हातारपणी कान वाढतात म्हणे, तेवढंच बरं." मग ती हसली आणि लवंगीचा हात ओढून पोटावर ठेवला. "हे बघ. मावशी आली कळलं की लाथा झाडतं. तुझ्यावर गेलंय."

हाताखाली खरंच लाथ बसली. का कोण जाणे, लवंगीने हात चटकन काढून घेतला.

३

बागेतले ते बाक म्हणजे शहरातला सगळ्यात मोठा कलकलाट. सरकार, पेन्शन, सुना, गुडघे. एकाच वेळी पाचजण बोलायचे आणि ऐकायला कुणीच नसायचं. लवंगी लहान असल्यापासून या आवाजावर वैतागत आली होती.

ती संध्याकाळी मुद्दाम तिथे गेली. म्हातारे ओळीने बसले होते. सगळ्यांची तोंडं एकीकडे, हात मांडीवर. ती त्यांच्या डाव्या अंगाने, बाकांच्या मागून, सावकाश चालत गेली. पहिला कान. दुसरा. तिसरा. तिला मध्येच थांबावंसं वाटलं, पण पाय थांबले नाहीत.

शेवटच्या बाकावर मिशीवाले काका होते. त्यांचे कान धड होते आणि तोंड चालू होतं. "ये, लवंगी. बघ जरा या लोकांकडे. मी तासभर पंतप्रधानाला शिव्या घालतोय, एक माणूस उलटून बोलत नाही. मेल्यासारखे झालेत सगळे. तुझा बापसुद्धा."

"सहलीत काही झालं का काका?"

"कसली सहल? मला कुणी विचारलं नाही."

पुढच्या वेळी ती गेली तेव्हा मिशीवाले काकाही ओळीत बसले होते. हात मांडीवर. मनगटाच्या वर गुळगुळीत चौकोन. तिने त्यांना हाक मारली तर ते छान हसले.

घरी परत येताना तिने बाबांना विचारलं, "तुम्ही कुठे गेला होतात, आठवतं का?"

बाबा चालता चालता थांबले. "गोड वास होता," ते म्हणाले.

"कसला?"

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "चांगला," ते म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

लवंगीचं डोकं कामाला लागलं. कुठली टोळी. कुठलं औषध कंपनीचं प्रकरण. अवयवांचा धंदा. तिने पोलिसात जायचं ठरवलं, अगदी चौकीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. आत टेबलामागे बसलेला अंमलदार काहीतरी लिहीत होता. तिची चाहूल लागून त्याने वर बघितलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "बोला, काय करू आपल्यासाठी?"

डावा कान बघून ती तशीच मागे फिरली.

४

एका दुपारी जेवणं आटोपली होती. ताई टेबलाशी बसून फळ सोलत होती, लवंगी भांडी आवरत होती. बाबा खुर्चीतून उठले, खुर्ची नीट आत सरकवली, गुडघे टेकले आणि टेबलाखाली शिरले.

"बाबा, काय शोधताय?" ताई म्हणाली.

"काही नाही."

"काही पडलं का? मी बघते."

"नको." ते खाली मांड्या पोटाशी घेऊन बसले होते. घाबरलेले नव्हते. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. ताईने हसत लवंगीकडे बघितलं, आणि लवंगीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

लवंगीने नळ बंद केला. कान दिला. गल्लीत दुपारचं असतं तेवढंच होतं. कुणाचा तरी पंखा, कुणाची तरी भांडी. दूरवर काही नाही. तिने खिडकीतून खाली बघितलं. शिंपीणकाकूंच्या पायरीवर तांबडी नव्हती. समोर उभ्या असलेल्या मोटारीखाली मात्र तिचं शेपूट दिसत होतं, न हलणारं.

मग एकेक आवाज थांबत गेला. पंखा थांबला. भांडी थांबली. आणि अगदी फिकट, जिन्यातून वर चढल्यासारखा, एक गोड वास आला. ताईने नाक वर केलं. "केवढा छान येतोय गं. कुणाकडे काय भाजतायत?" आणि ती उठून दाराकडे निघाली.

लवंगीने तिला दंडाला धरून खाली बसवलं. इतक्या जोरात की ताईच्या दंडावर बोटं उमटली.

खालच्या मजल्याचं दार उघडलं. पावलं ऐकू आली, एकाच माणसाची, सपाता घातलेली, निवांत. ती पायऱ्या उतरून गल्लीत गेली. त्यापुढे काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने बाबा टेबलाखालून निघाले आणि सोललेल्या फळाची फोड उचलून खाऊ लागले.

५

खालच्या मजल्यावरची वहिनी घरी नव्हती. तिचा नवरा म्हणाला, आईकडे गेली असेल. त्याच्या आवाजात काळजी नव्हती. लवंगीने त्याचा कान बघितला नाही. बघायची गरज उरली नव्हती. वहिनी आणि ताई बरोबरच्याच. दोघींचे महिनेही जवळपास तेच. जिन्यात भेटल्या की पोटाला पोट लावून कुणाचं मोठं ते बघायच्या आणि खिदळायच्या.

काही दिवसांनी वहिनी दिसली. अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. पाठ वळलेली होती, पण पाठीवरूनच कळत होतं. ती सरळ उभी होती. मागे रेललेली नव्हती.

लवंगी खाली गेली. "वहिनी."

वहिनी वळली. गाऊन पोटाशी सैल लोंबत होता. कानावर केस घेतलेले नव्हते. हातात एक लोकरीचा छोटासा मोजा होता, तिनेच विणलेला. त्याने ती दोरीवरची धूळ पुसत होती.

"वहिनी, बाळ?"

"कुठलं बाळ?" वहिनी म्हणाली. अगदी मनापासून विचारलं तिने. मग लवंगीला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "तुमच्या ताईचं का? कधी आहे?"

लवंगी वर आली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. गाभण असली तरी. हे शब्द लिहिताना तिने पेन एकदाही उचललं नव्हतं.

६

"ताई, आपण निघू या इथून. आत्ता."

"कुठे? आणि डॉक्टरांना काय सांगू? जिना उतरले तरी पोट कडक होतंय माझं. तुला झालंय काय? तू झोपत नाहीस, जेवत नाहीस, माझ्या कानाकडे बघत बसतेस."

सांगून पटेल असं त्यात काही नव्हतं. आणि निघून तरी कुठे जाणार? दुसऱ्या वस्तीत गेलेलं कुत्रं त्या वस्तीच्या गाडीला सापडतं, एवढंच. सुटका एकाच जनावराची होते. ज्याच्या कानाला खाच आहे त्याची.

वाकडी नको. शिंपीणकाकूंसारखी नको. सरळ.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रातून चिमटा, पातं आणि बधिर करायची सुई पिशवीत घालून आणली. ताई पलंगावर होती. सुई बघताच ती उठून बसली.

"हे काय आहे?"

"कानाला थोडंसं. तुझ्याचसाठी. विचारू नकोस."

"वेड लागलंय का तुला? बाबा. बाबा, इकडे या."

ताईने हात झटकला, सुई पलंगाच्या कडेवर आपटून वाकली. दुसरी नव्हती. ताई दाराकडे सरकत होती. बाहेर जाऊन ओरडली असती तर आख्खी गल्ली गोळा झाली असती. लवंगीने तिला मानेमागून धरलं, कुशीवर वळवलं, पोट मोकळं राहील असं. जाळीवाले मामा धरतात तसंच. ताईचे पाय आपटत होते. बाबा दारात येऊन उभे होते.

"बाबा, पाय धरा तिचे."

बाबा आता कुणाला नाही म्हणत नसत. त्यांनी धरले.

"बाबा, सोडा ना. बाबा, तुम्ही तरी," ताई म्हणाली.

"कळतसुद्धा नाही बाळ," बाबा प्रेमाने म्हणाले.

ताईला कळलं. सगळं कळलं. चिमटा मिटला तेव्हा तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तसा लवंगीने केंद्रात कधी ऐकला नव्हता, कारण तिथे भूल असते. "झालं हं," लवंगी म्हणत राहिली. "झालं. झालंच."

रक्त थांबल्यावर ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जनावराशीसुद्धा असं वागत नाहीत."

"वागतात," लवंगी म्हणाली. "मी रोज वागते."

ताजी खाच कामाची नव्हती. तांबडीच्या कानावरच्या रक्ताने तिला स्वतःला संशय आला होता, मग आणखी कुणाला का येणार नाही? खपली पडेपर्यंत तिने ताईला खोलीबाहेर सोडलं नाही. दाराला बाहेरून कडी, खिडक्या बंद, फोन स्वतःकडे. खाणीवरून नवऱ्याचा फोन आला की ती सांगायची, ताई झोपलीय. जेवणाचं ताट ती दार किलकिलं करून आत सरकवायची, आणि आत कोपऱ्यात बसलेली ताई तिच्या हाताकडे बघत राहायची. तोंडाकडे नाही, हाताकडे.

खपली पडली. खाच सुरेख आली होती. दोन्ही बाजू अगदी सारख्या. लवंगीचा जीव भांड्यात पडला.

७

बाबा टेबलाखाली शिरले तेव्हा भर दुपार होती.

लवंगी ताईच्या खोलीत गेली, आतून कडी लावली. ताई पलंगावर बसून राहिली, हल्ली ती कशालाच विरोध करत नसे. लवंगीने तिचे केस डाव्या कानामागे सारले. "हलू नकोस. काही झालं तरी हलू नकोस. तो कान दिसू दे फक्त."

"कुणाला?"

गल्लीतले आवाज थांबत आले. वास जिन्यातून चढला. आज तो फिकट नव्हता. लवंगीच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची तिला मरणाची लाज वाटली.

दाराची कडी पडली नाही, मोडली नाही. दार नुसतं उघडं होतं, जसं ते कधी बंद नव्हतंच. दारात काही नव्हतं. मग चौकटीतला उजेड वरून खाली कमी होत गेला, आणि लवंगीला एकदम उमगलं की दारात जे आहे ते आत येत नाहीय. ते आत मावणारं नाही. ते वाकतंय. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गप्प कोण बसलंय ते बघायला कुणीतरी वाकावं, तसं.

तिने डोळे मिटले नाहीत. पुढे तिने जे बघितलं त्यात एक हात होता. हाताला दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता. तो घाईत नव्हता. त्यात राग नव्हता. ताईच्या डाव्या कानाशी तो आला, अलगद पाळी उचलली, खाचेच्या एका बाजूवरून फिरला, मग दुसऱ्या. ताईने श्वास धरला होता. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

हात कानावरून निघाला. पोटाकडे गेला नाही.

वाचली. वाचली दोघंही. लवंगीला रडू फुटणार होतं, तेवढ्यात तो हात वळला.

चिमटा धरणाऱ्याचे कान कोण बघतो? इतक्या दिवसांत तिने गल्लीतला एकेक कान तपासला होता. आरशासमोर रोज उभी राहून केसही विंचरले होते.

ती मागे सरकली. पाठ भिंतीला टेकली, मग भिंतीच्या कोपऱ्याला. ओरडावं असं तिच्या मनात आलं. ती, जी समितीला ओरडली होती, बापाला ओरडली होती. ती कोपऱ्यात तोंड खुपसून गप्प बसली.

मानेवर काहीतरी उबदार टेकलं, अगदी हलकं. आणि तिला ऐकू आलं. शब्द नव्हते, नुसता सूर. तो सूर तिला पाठ होता. ती तो रोज लावायची.

तिला थोडीशीच भूल पुरली.

८

सकाळी चहा थंड झालेला असतो. लवंगी तो पिते. टेबलावर समोर बाबा असतात. दोघं एकमेकांकडे बघून हसतात. घरात हल्ली छान शांतता आहे.

ती कामावर जाते. जाळीवाले मामा म्हणतात, "मॅडम, आजकाल चिडत नाही तुम्ही." ती म्हणते, "बरं." मग मामा इकडेतिकडे बघतात आणि कामाला लागतात. कुत्री पूर्वी तिला बघून मागे सरायची, ती आता पुढे येऊन हात चाटतात. एकदा दुपारी घरी परतताना ती समोरच्या मोटारीखाली गेली, तेव्हा तांबडी आधीच तिथे होती. तांबडी सरकली आणि तिला जागा करून दिली.

ताईला मुलगी झाली. ताई झोपत नाही. मुलीला खाली ठेवत नाही. मुलीचे कान सारखे बघते, एकदा हा, एकदा तो, मग पुन्हा हा.

आज दुपारी ती मुलीला घेऊन लवंगीच्या समोर येऊन उभी राहिली. "लवंगी."

कुणाला हाक मारली ते लवंगीला जरा वेळाने कळलं. "काय ताई?"

"हिच्या कानाला कर. माझ्या केलंस तसं." ताईचा आवाज फुटत होता. "मी तुला काय काय बोलले. चुकले मी. तू बरोबर होतीस. आता हिच्या कर. सरळ कर."

लवंगीने मुलीकडे बघितलं. मुलगी झोपलेली होती. कान फुलाच्या पाकळीएवढा, मऊ, धड. "कशाला?" ती म्हणाली. "इतक्या लहानांना करत नाहीत. वाढू देतात आधी."

ताईच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं.

"आणि कळतसुद्धा नाही, ताई. छान वास येतो. जिथून उचलतात तिथेच आणून सोडतात."

"चिमटा कुठे आहे तुझा?"

लवंगीने विचार केला. चिमटा कुठेतरी होता. आठवेना, आणि आठवायला हवं असंही वाटेना. ताई तिच्याकडे बघत राहिली, मग पदरात मुलीला घट्ट धरून जिना उतरून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शिंपीणकाकूंची कात्री होती. जुनी, जड, लोखंडी. काकूंनी लगेच दिली असणार. त्याही आता कुणाला नाही म्हणत नाहीत.

बाबांनी खुर्ची नीट आत सरकवली आणि गुडघे टेकले.

लवंगीही उठली. टेबलाखाली दोघांपुरती जागा असते. तिथून तिला ताईचे पाय दिसत होते, आणि ताई पलंगाच्या कडेला बसली तेव्हा मांडीवरची मुलगी, आणि मुलीच्या कानाशी कात्री. ताईचा हात थरथरत होता. दुसऱ्या हाताने तिने मनगट धरलं, तरी थरथरतच होता.

वाकडं होणार, असं लवंगीच्या मनात आलं. मग तो छान वास यायला लागला आणि मनातून तेही गेलं.